मेडिकलमधला कापूस

मिरुग निघायच्या आधी यवतमाळ जिल्ह्यात कापूस फुटला, ही करामत माझी. साल 2007.

माझं गाव दारव्हा तालुक्यातलं. घरची आठ एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. मी मुंबईत मालिकांचे संवाद लिहायचो. लिहायला शिकलो दूरदर्शनच्या काळात. तेव्हा मालिका 13 भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायच्या, म्हणून गोष्ट संपते कुठे हे ठरवूनच बसावं लागे. पुढे 1999मध्ये अल्फा मराठी आली, मग रोजच्या मालिका आल्या. 2001मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ 3,000हून अधिक भाग चालली. या नव्या जगात मी जुनंच शहाणपण घेऊन शिरलो आणि पहिल्याच दैनंदिन मालिकेत नायिकेच्या जन्माचं रहस्य 19व्या भागात फोडून टाकलं. निर्माता म्हणाला, “आता पुढचे दोनशे भाग काय दाखवायचं? भजन?” महिन्याभरात माझ्या जागी दुसरा लेखक आला.

मग मी ताणायला शिकलो. अर्ध्या तासाच्या भागात आमच्या वाट्याला बावीसेक मिनिटं येतात. ब्रेकच्या आधी दार वाजायचं, ब्रेकनंतर उघडायचं, आणि दारात कोण उभं आहे ते दुसऱ्या दिवशी कळायचं. मधल्या वेळात घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा आदळायचा. एक बंद पाकीट मी तीन आठवडे न फोडता चालवलं होतं. त्याचा मला अभिमानही होता, हे लपवत नाही.

2006च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि मुंबईच्या वातानुकूलित खोल्यांमध्ये यवतमाळचं नाव घेतलं जाऊ लागलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मालिकेचा टीआरपी घसरला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “मातीतला ट्रॅक हवा. शेतकऱ्याची विधवा. तू तिकडचाच ना?” मी हो म्हणालो. विचार करायला दोन दिवस मागितले असते तर मिळाले असते. मागितले नाहीत.

लिहिताना मी एक सोय करून घेतली. नायिका, तिची सासू, गावचे गुरुजी, सगळे पुणेरी बोलायचे. वऱ्हाडी फक्त सालगड्याला दिली, आणि त्याच्या तोंडी दर वाक्याला एक ‘काहून बे’ कोंबला. रडणाऱ्यांना पुणेरी, हसवणाऱ्याला वऱ्हाडी. ज्या बोलीत माझी आई मला रागवायची, ती मी विनोदाच्या खात्यात जमा केली.

शूटिंग गोरेगावला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. कलादिग्दर्शकाचा फोन आला, “शेत पांढरं दिसलं पाहिजे, नाहीतर कापूस आहे हे कळणार कसं? पण या दिवसांत असतो का कापूस?” त्याने विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. माणूस मुंबईचा, तरी त्याला शंका आली. जूनमध्ये आमच्याकडे वावरं वखरून पडलेली असतात, बियाण्याच्या थैल्या उधारीवर घरात येतात आणि लोक आभाळाकडे बघत असतात. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास. मला हे कुणी सांगायला नको होतं. मी म्हणालो, “लावा.” मेडिकलमधून कापसाची बंडलं आली, पोरांनी ती फाडून झुडपांना चिकटवली, आणि नायिकेने ओच्यात कापूस वेचत वेचत हुंदका दिला.

त्या काळी टीआरपीची यंत्रं शहरातल्या घरांत असायची. खेड्यातली घरं मोजणीत आली ती 2015मध्ये, बार्क ही नवी मोजणी संस्था आल्यावर. म्हणजे ज्यांच्यावर ट्रॅक होता त्यांचं पाहणं कुठेच नोंदलं जात नव्हतं. शहरातला आकडा वर गेला आणि सेटवर पेढे वाटले गेले.

गावी घरावर छत्री बसवलेली होती. रात्री भारनियमन, म्हणून मोठीआई, म्हणजे माझी मोठी काकू, दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनःप्रक्षेपण बघायची, तेही लाइट असली तर. तिचा फोन आला, “काय रे बाबू, मिरुग निघाला नाही अन् तुमच्या वावरात कापूस फुटला काय?” ती हसली, मीही हसलो. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

त्याआधीचे 14 भाग मी नायिकेला हार घातलेल्या फोटोसमोर बसवून ठेवलं होतं. बांगड्या फुटण्याचा प्रसंग तीन बाजूंनी, दोनदा. हे सगळं मोठीआईशेजारी बसून वहिनी बघत होती. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ, आदल्या वर्षी, ऑगस्टमध्ये गेला. कसा गेला हे आमच्या भागात कुणी फोड करून विचारत नाही. मी तीन दिवसांची रजा काढून गेलो होतो आणि वेळेत परत निघता आलं नाही, म्हणून पाचव्या दिवशीही तिथेच होतो. त्या सकाळी वहिनी खुरपं घेऊन निंदायला निघाली. तेरवीला अजून आठवडा होता. घरातल्या कुणी तिला अडवलं नाही. पाऊस उघडला होता, तण पऱ्हाटीच्या वर चाललं होतं. हे मी ओसरीवर बसून पाहिलं होतं, आणि लिहायला बसलो तेव्हा ते मला आठवलंसुद्धा नाही. मला आठवला तो फोटो, हार आणि बांगड्या, म्हणजे दुसऱ्यांच्या मालिका.

मोठीआईचं बोलणं झाल्यावर फोन वहिनीकडे गेला होता. ती एरवी माझ्याशी फार बोलायची नाही. तिने एवढंच विचारलं, “भाऊजी, थे बाई इतके दिवस फोटोपाशी बसून हाय, तर तिच्या वावराचं कोण पाह्यते?”

मी म्हणालो, पुढच्या भागात दाखवणार आहोत. दाखवलं नाही. बाहेरच्या शूटिंगचा खर्च परवडत नाही असं ठरलं, मग नायिकेचा दीर अमेरिकेहून आला आणि ट्रॅक परत बंगल्यात गेला. वावराचं काय झालं ते मालिकेत शेवटपर्यंत कळलं नाही.

वहिनी त्यावर कधी काही बोलली नाही. मी गावी गेलो की ती चहा ठेवते, आणि टीव्ही चालू असला तर उठून बंद करते. पाहुणा आल्यावर बरं दिसत नाही, म्हणते.