आधी बाळंतपण, मग दात

भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दंतचिकित्सक म्हणून काम करते. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर रोज बसलेले असतात ते बहुतेक तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे पुरुष. कुणाचं तोंड दोन बोटं शिरतील एवढंही उघडत नाही, कुणाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा, कुणाची दाढ हलायला लागलेली. बायका येतात त्या दुखणं अगदीच सोसेनासं झाल्यावर. गरोदर बायका तर येतच नसत.

त्यांची वर्दळ समोरच्या खोलीत, दर महिन्याच्या ९ तारखेला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून या दिवशी देशभर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर मातांची तपासणी होते. आशाताई आपापल्या गावच्या बायकांना घेऊन येतात. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीची चिठ्ठी, लोहाच्या गोळ्या. तोंड उघडायला मात्र कुणी सांगत नसे. व्हरांड्यातल्या बेसिनवर चूळ भरणाऱ्यांचं पाणी गुलाबी पडताना मी पाहायची. एकीला हटकलं तर म्हणाली, "रगत येते तं येऊ द्या जी मॅडम. पोटुशी असलं का येतेच. आधी बाळंतपण, मग दात."

तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतात. हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात. दातांच्या कडेला नेहमीइतकाच मळ असला तरी हिरडी जास्त सुजते आणि ब्रश लागला की रक्त येतं. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास हे सुरू होतं, आठव्यापर्यंत वाढतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं ओसरतं. काहींना दोन दातांच्या मध्ये लालभडक गाठ येते. तीही बहुधा आपोआप आकसते. पोटातलं लेकरू आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, ही समजूत मात्र खोटी आहे. दात पडतात ते हिरडीखालचं हाड झिजल्यामुळे. ज्यांना हा आजार आधीपासून आहे, त्यांचा बाळंतपणानंतर आपोआप बरा होत नाही.

अशीच एक सून आशाताईनं माझ्याकडे आणली. वैनगंगेकाठच्या गावातली, बिड्या वळणारी, दुसरी खेप, पाचवा महिना. हिमोग्लोबिन आठाच्या आसपास. तक्रार दातांची नव्हतीच. "ही काही खातच नाही जी मॅडम," आशाताई म्हणाली. "भाकर नाही, चणे नाही, शेंगदाणे नाही. नुसता भात अन् पातळ वरण."

तोंडात आरसा घातला आणि कारण कळलं. हिरड्या जांभळट, दाबल्या की पू येत होता. खालच्या पुढच्या दातांमागे दगडासारखा थर. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये मोजपट्टीची सळई तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. हिच्या बाबतीत कुठे पाच, कुठे सहा. खालच्या ओठाच्या आत तपकिरी, सुरकुतलेला पट्टा होता. "नस लावते का?" मी विचारलं. ती सोबत आलेल्या सासूकडे पाहू लागली. सासूच म्हणाली, "हिरड्या ठणकते तं लावते जी थोडीशी. त्यानं बरं वाटते."

आमच्याकडे नस किंवा गुडाखू, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, हे बायकांचं दातांवरचं औषध आहे. तंबाखूनं ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो, हिरडीचा रोग आत चालूच राहतो, पुन्हा ठणका लागतो, पुन्हा डबी उघडते. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. तंबाखू खाणाऱ्या आणि दातांना लावणाऱ्या, त्यातही मुख्यतः मिश्री लावणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. १०५ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात. पण आमच्याकडची कितीतरी बाळं अडीच किलोच्या अल्याडपल्याडच असतात, तिथे तेवढ्यानं बाळ 'कमी वजनाचं' ठरतं.

या घरात वजनाची धास्ती आधीपासून होती. पहिला मुलगा दोन किलोच्या आत भरला होता आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून या जिल्ह्यात बाळाला पेटीत ठेवायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं गप्प होतात. सासूनं मला पहिला प्रश्न हाच विचारला: "पेटीत ठेवा लागन का याही खेपेला?"

दात साफ करायला मात्र घरच्यांची तयारी नव्हती. नवऱ्याचा फोन आला, "भुलीची सुई दिली तं पोराले काही होईन का?" मी सांगितलं की नेहमीची, जागा बधिर करणारी सुई गरोदरपणात चालते, चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा. दुखण्याला पॅरासिटामॉल, गरज पडली तर अमॉक्सिसिलिन. टेट्रासायक्लिन द्यायचं नाही, कारण बाळाचे दात डागाळतात. एक्स-रे अगदी लागलाच तर शिशाचा एप्रन घालून काढता येतो. हे सगळं समोरच्या खोलीतल्या मेडिकल ऑफिसरनीही त्याला सांगितलं, तेव्हा तो हो म्हणाला.

दोन बैठकांत काम केलं. उजव्या कमरेखाली उशी देऊन तिला डाव्या अंगावर थोडं कललेलं ठेवलं. पाठीवर सरळ झोपवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि बाईला घेरी येते. मधे मधे उठून बसू दिलं. आठवडाभरात सूज उतरली, चणे चावता यायला लागले. नस सुटायला वेळ लागला. आशाताई गोळ्या घेतल्या का ते पाहायला गेली की डबीचीही चौकशी करायची. मी सुनेला मऊ ब्रश आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या एवढंच सांगितलं होतं. आशाताईनं त्यात तोंडात लवंग धरायची भर घातली. हाताला डबीची सवय होती, त्याला काहीतरी हवंच होतं.

बाळ पूर्ण दिवसांचं झालं. वजन २ किलो ४०० ग्रॅम. कागदावर ते कमी वजनाचंच, कारण रेषा २,५०० ग्रॅमवर आहे. पण चांगलं ओढून पीत होतं आणि पेटी लागली नाही. आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाऊन झोळीच्या काट्यावर वजन केलं. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं उभी केली. १९९९ साली 'लॅन्सेट'नं तिचे निष्कर्ष छापले आणि आज देशभरच्या आशा हेच काम करतात.

आता सासू गावभर सांगत सुटली: "सरकारी दवाखान्यात दात साफ केले अन् पोराचं वजन वाढलं." पुढच्या ९ तारखेला माझ्या बाकावर प्रथमच पोटुशा बायका बसलेल्या दिसल्या. एक सहकारी म्हणाले, "बोलू द्या की तिला. बायका येताहेत ना?"

मला ते पटलं नाही, कारण मी या विषयावरचं वाचत आले आहे. १९९६ साली अमेरिकेत ऑफेनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२४ आयांचा अभ्यास केला. हिरड्यांचा आजार असलेल्यांना वेळेआधी, कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता त्यांना सातपटींहून जास्त दिसली. सुजलेल्या हिरड्यांतले जंतू आणि दाहाची रसायनं रक्तात उतरतात, प्रोस्टाग्लँडिन वाढून कळा लवकर लागू शकतात, असा तर्क होता. मग उपचार करून पाहिले गेले. २००६ साली ८२३ गरोदर स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: निम्म्यांचे दात गरोदरपणात साफ केले, निम्म्यांचे नंतर. वेळेआधी बाळंत होणाऱ्या पहिल्या गटात शंभरात १२, दुसऱ्यात १२.८. बाळांच्या वजनात काही फरक नाही. उपचाराचा अपायही नाही. २०१७ साली कोक्रेन या, संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं असे १५ प्रयोग एकत्र तपासले. कमी वजनाची बाळं उपचारानं थोडी घटत असावीत, पण पुरावा कच्चा आहे, असं त्यांचं म्हणणं.

या सुनेच्या बाळाला काय लागू पडलं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. लोहाच्या गोळ्या होत्या, नस सुटली होती, चणे-शेंगदाणे पोटात जात होते. शिवाय दुसरं बाळ साधारणपणे पहिल्यापेक्षा वजनानं जास्तच असतं. नागपुरातल्या गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास १९९८ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये आला होता. त्यात कमी वजनाशी सगळ्यात जास्त जोडलेली गोष्ट रक्तक्षय होती आणि तंबाखूही त्याच यादीत होता. भंडाऱ्यातल्या बाईच्या बाबतीत हिरडी आणि बाळाचं वजन यांच्यामधली वाट मला तिच्या ताटातून आणि नसच्या डबीतून जाताना दिसते. जंतू रक्तातून जात असतील-नसतील, ही वाट डोळ्यांसमोर आहे.

म्हणून बायकांना मी आता असं सांगते: दात साफ केल्यानं बाळाचं वजन वाढेल अशी हमी मी देत नाही. पण तुझं दुखणं जाईल, तुला चावून खाता येईल, दात टिकतील आणि तंबाखू लावायला कारण उरणार नाही. ऐकून काही उठून जातात. बऱ्याच थांबतात. ९ तारखेला बीपी झाल्यावर सिस्टर आता प्रत्येकीला "हिरड्यातून रक्त येते का, नस लावते का?" विचारतात आणि हो म्हटलं की माझ्याकडे पाठवतात.

अडचण येते ती पावसाळ्यात. भाताची रोवणी लागली की पाचव्या-सहाव्या महिन्यातली बाईही बांधीत वाकून पऱ्हे लावत असते. मजुरी बुडवून हिरडीसाठी कोण येणार? रोवणी संपेपर्यंत सोयीचे महिने निघून जातात, मग पोट एवढं वाढतं की खुर्चीत फार वेळ टेकता येत नाही. म्हणून जून लागला की ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बाळंतिणींची यादी मी आशाताईंकडून मागवून घेते आणि पाऊस धरायच्या आत त्यांना बोलावते. त्या सासूबाईही आपल्या गावातून बायका पाठवतात, आणि वजन वाढतं असंच अजून सांगतात. मी आलेल्या प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून समजावते, आणि खुर्चीत बसवण्याआधी नसची डबी मागून घेते.