आपापल्या हाताचे माप

मराठीतील मापांचे जुने शब्द पाहिले तर त्यांतील कितीतरी हातातूनच निघालेले दिसतात. चिमूटभर हिंग, मूठभर डाळ, ओंजळभर फुले, पसाभर धान्य, वीतभर पट्टी, टीचभर जागा. यांतील एकही माप दोन माणसांचे सारखे नसते. सासूची चिमूट आणि सुनेची चिमूट निराळी. तरीही घरोघरचा स्वयंपाक बिघडत नाही, कारण ज्या हाताने मोजायचे त्याच हाताने ढवळायचेही असते. वापरणाऱ्याचा हात हेच तेथे प्रमाण असते.

जैन शास्त्रकारांनी या गोष्टीचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. अंगुल म्हणजे बोटाची रुंदी. पण ते एकच नव्हे, तीन प्रकारचे सांगितले आहे. जीवांच्या शरीरांची उंची उत्सेधांगुलाने मोजावी. द्वीप, समुद्र, पर्वत यांसारखी प्रचंड परिमाणे प्रमाणांगुलाने मोजावीत. तिसरे ते आत्मांगुल. ज्या काळी जी माणसे असतील, त्यांच्या स्वतःच्या बोटाचे ते माप. आचार्य यतिवृषभांच्या तिलोयपण्णत्तीत या आत्मांगुलाने मोजावयाच्या वस्तूंची यादी आहे. तीत झारी, कलश, आरसा, शय्या, नांगर, मुसळ अशा माणसाच्या नित्य वापरातील वस्तू येतात. पर्वताला एक माप आणि हातातल्या झारीला दुसरे, हा विवेक त्या यादीत आहे. जी वस्तू माणसाने उचलायची, ती त्या माणसाच्या बोटाने मोजली गेली पाहिजे.

आज प्रत्येक घरात दिवसभर हातात असणारी वस्तू म्हणजे मोबाइल फोन. ती कोणाच्या अंगुलाने मोजलेली आहे, हा प्रश्न अंबरनाथच्या एका दुकानात गेल्या वर्षी फार निकडीने उभा राहिला.

दुकान हार्डवेअरचे, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, नळाचे सामान. गल्ल्यावर बसणारे आजोबा पंचाहत्तरीचे. पहाटेची सामायिक, देवदर्शन, नवकारशी आणि मग दुकान, हा त्यांचा क्रम पन्नास वर्षांत फारसा चुकलेला नाही. त्यांच्या हाताने या गावाचा सारा व्यवहार हाताळलेला आहे. लहानपणी त्यांनी शेर आणि मण पाहिले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली किलोची वजने उचलली, तराजूच्या दांडीचा तोल बोटाच्या पेरावर ओळखला. विमकोची आगपेटी तर गावातच तयार होई. १९२० च्या दशकात सुरू झालेल्या त्या कारखान्याचे नाव आजही विमको नाक्याला आहे. आगपेटी ही हातात बसणाऱ्या वस्तूचा उत्तम नमुना होती. अंगठा आणि मधले बोट यांच्या चिमटीत ती धरावी, तर्जनीने आतला खण ढकलावा, अंधारातही कोणती बाजू घासायची ते बोटाला कळावे. तिच्यासाठी सूचनापत्रक कधी लागले नाही.

मग गल्ल्यावर कॅल्क्युलेटर आला. या यंत्राचा इतिहासही हाताशी जुळवून घेण्याचाच इतिहास आहे. जपानच्या कॅसिओ कंपनीचे १९५७ सालचे गणकयंत्र टेबलाएवढे होते आणि त्याचे वजन सुमारे १४० किलो होते. १९७२ साली त्याच कंपनीने तळहातावर मावणारा कॅसिओ मिनी विकायला काढला. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीचा एचपी-३५ बाजारात आला. संस्थापक बिल ह्यूलेट यांची अट एवढीच होती, की यंत्र सदऱ्याच्या खिशात मावले पाहिजे. आधी खिसा ठरला, मग यंत्र ठरले. आत्मांगुलाचा न्याय तो हाच.

आजोबांचा कॅल्क्युलेटर बारा आकडी, उतरत्या पाठीचा, मोठ्या कळांचा. बिलावर नजर, उजवा हात कळांवर. दोन शून्यांची वेगळी कळ कोठे आहे हे करंगळीला ठाऊक. पाचच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. मधले बोट त्यावर टेकले की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. पन्नास ओळींची बेरीज ते मान वर न करता करीत आणि ती चुकत नसे.

मोबाइलशीही त्यांचे वाकडे नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून भारतातील मोबाइल सेवेचा प्रारंभ केला, तेव्हा ती चैन होती. व्यापाऱ्याच्या खिशात फोन खऱ्या अर्थाने आला तो पुढच्या दशकात. २००३ साली आलेला नोकिया ११०० हा आजोबांचा पहिला फोन. वजन ८६ ग्रॅम. दोन्ही कडांना घसरू नये अशी खरखरीत पकड, धूळ शिरू नये म्हणून कळांवर सलग रबरी आवरण, वर विजेरी. विकसनशील देशांतील ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून, घामट आणि धुळीने भरलेल्या हातांचा विचार करून तो घडविलेला होता. जगभर अशा पंचवीस कोटींहून अधिक फोनांची विक्री झाली. आजोबांच्या खिशातून तो शेकडो वेळा पडला असेल; प्रत्येक वेळी बॅटरी परत बसविली की चालू.

पुढे फोन वाढत गेले. २००७ सालच्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा आणि वजन १३५ ग्रॅम होते. आज साधारण फोनचा पडदा साडेसहा इंचांच्या आसपास असतो आणि वजन दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. लोक फोनवर चित्रपट पाहू लागले, छायाचित्रे काढू लागले, बॅटरी मोठी हवी झाली. म्हणून फोन मोठे झाले, हे कारण रास्तच आहे. अॅपलने २०२० आणि २०२१ साली मिनी नावाचे लहान फोनही काढून पाहिले. पण त्यापुढच्या वर्षी नवा मिनी काढला नाही. फोन वाढला, अंगठा मात्र पूर्वीएवढाच राहिला.

हे सारे त्या दुकानात कोणाच्या ध्यानात नव्हते. दिवाळीला मुलाने प्रेमाने वडिलांना नवा, मोठा, काचेच्या पाठीचा फोन आणला. आजोबांनी तो दोन्ही हातांत पाटासारखा धरला. एका हाताने धरला तर अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नसे. पोहोचविण्यासाठी फोन तळहातात सरकवावा तर तो निसटे. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी झालेली, त्यात लोखंडी सामान हाताळून ती रापलेली. असा पडदा बोटाच्या दाबाने नव्हे, तर त्वचेतून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्परिणामाने स्पर्श ओळखतो. त्यामुळे कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाची त्याला कधी कधी दादच लागत नाही. आजोबा अधिक जोराने दाबीत आणि बोट तेथेच रेंगाळले की भलतेच काहीतरी उघडे.

एके दिवशी माल उतरवून झाल्यावर टेम्पोवाल्याला १८०० रुपये द्यायचे होते. आजोबांनी त्याचा कोड स्कॅन केला, रक्कम घातली आणि सवयीने नजर मालाच्या यादीकडे वळविली. टेम्पोवाला शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "शेठ, आकडा बघा. बहात्तरशे टाकलेत." तो गप्प राहिला असता तर ५४०० रुपये जास्तीचे गेले असते. आजोबांनी त्याला हात जोडले. संध्याकाळी मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, उद्यापासून पेमेंटचं मी बघत जाईन." आवाजात राग नव्हता, काळजीच होती. परंतु व्यापारी घरात या वाक्याचा अर्थ सर्वांना कळतो. ज्याच्या हातून पैसे जात नाहीत, तो गल्ल्यावर बसलेला पाहुणा. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात उशिरा येऊ लागले.

कारण शोधले ते नातीने. ती अभियांत्रिकी शिकते. तिने आजोबांचा कॅल्क्युलेटर आणि फोन गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आजोबा चुकले नाहीत. त्यांचं बोट बरोबरच गेलं होतं. आकडे जागेवर नव्हते."

खरोखरच तसे होते. कॅल्क्युलेटरवर सर्वांत वरची ओळ सात, आठ, नऊ अशी असते आणि एक, दोन, तीन ही ओळ खाली असते. फोनवर याच्या नेमके उलट. दाबायच्या कळांचा दूरध्वनी आणण्यापूर्वी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कळांच्या अनेक मांडण्या माणसांकडून तपासून घेतल्या. त्याचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला आणि १९६३ साली आलेल्या दूरध्वनीवर एक, दोन, तीन ही ओळ वर बसली. तीच मांडणी पुढे मोबाइलवर आणि २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयच्या पडद्यावरही आली. कॅल्क्युलेटरवर जेथे एक असतो तेथे फोनवर सात असतो. जेथे आठ तेथे दोन. पन्नास वर्षांच्या अचूक सवयीने घातलेले १८०० म्हणूनच ७२०० झाले. गुळगुळीत काचेवर पाचचा उंचवटा नसल्यामुळे बोटाला ते कळण्याचा मार्गही उरला नव्हता. चूक वयाची नव्हती, विसराळूपणाची तर मुळीच नव्हती.

मुलाने ते ऐकले आणि बराच वेळ तो दोन्ही यंत्रांकडे पाहत राहिला. मोठ्या फोनचा त्रास त्यालाही अपरिचित नव्हता. खरेदीसाठी तो आठवड्यातून दोनदा मुंबईच्या नागदेवी बाजारात जातो. अंबरनाथ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. गर्दीच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला गुंतलेला असतो, फोन दुसऱ्या हातात. स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ साली सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्या तेराशेहून अधिक लोकांचे निरीक्षण केले. पडद्याला बोट लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने काम करीत होते. लोकलच्या प्रवाशाला तर दुसरा हात नसतोच. दारात उभे राहून असा फोन धरणे जीवावरचे आहे. रुळांच्या कडेला उभे राहून प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारणारे चोर मध्य रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक आहेत. त्या फटक्याने तोल जाऊन माणसे पडली आहेत, हातपाय गमावून बसली आहेत. मुलाच्या अंगठ्याच्या मुळाशीही अलीकडे दुखत असे. डॉक्टरांनी तेथील स्नायुबंधाचे आवरण सुजल्याचे सांगितले होते. सत्तेचाळीस वर्षांच्या हाताला जे जड जात होते, ते पंचाहत्तरीच्या हाताला त्याने कौतुकाने दिले होते.

मग उल्हासनगरच्या मोबाइल बाजारात तिघे मिळून गेले. या वेळी किंमत आणि कॅमेरा यांची विचारणा नंतर झाली. आजोबांनी एकेक फोन हातात घेतला, बोटे मागून वळवली, अंगठा कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहिला, सदऱ्याच्या खिशात घालून वाकून पाहिले. बाजारात त्यातल्या त्यात अरुंद आणि हलका होता तो निवडला. त्याला खरखरीत पाठीचे आवरण आणि मनगटात अडकवायची दोरी घेतली. अक्षरे मोठी केली. बोट किती वेळ टेकल्यावर फोनने ते दीर्घ स्पर्श समजावे, ही मुदत सेटिंगमध्ये वाढविता येते, ती वाढविली. दुकानात फोन हातात न धरता गल्ल्यावर ठेवण्यासाठी लहान लाकडी उतरंड केली, कॅल्क्युलेटरच्या पाठीसारखी. आणि एक नियम ठरला: रक्कम घातली की ती मोठ्याने वाचायची, समोरच्याने हो म्हटले की मगच पिन. नियम आजोबांपुरता नव्हे, मुलालाही तोच. पंधरा दिवसांनी पेमेंट पुन्हा आजोबांच्या हाती आले आणि दुकानाचे शटर पूर्वीच्या वेळेला उघडू लागले.

आपल्या समाजातील अनेक दुकानांत आज तीन पिढ्या एकाच गल्ल्याशी वावरतात. आजोबांचा हात, सुनेचा हात, नातवाचा हात ही तीन निराळी मापे आहेत आणि फोन मात्र एकाच मापाने घेतला जातो. बहुतेक फोन स्त्रियांच्या हाताला मोठे पडतात, ही तक्रार जगभर झालेली आहे. आपल्या घरातील स्त्रियांना ती कोणी विचारलेली नसते इतकेच. घरातील वडीलधाऱ्यांना फोन भेट द्यायचा असेल तर खोका घरी आणून देण्याऐवजी त्यांनाच दुकानात न्यावे आणि फोन त्यांच्या हातात देऊन थोडा वेळ गप्प उभे राहावे. ज्यांना काचेचा पडदा नकोच असेल, त्यांना साध्या कळांच्या फोनवरूनही पैसे देता येतात. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय त्यासाठीच सुरू केली आहे. आणि एखाद्या हातून आकडा चुकला, तर तो हात बाजूला सारण्याआधी वस्तू एकदा तपासून पाहावी. ज्या हातांनी दुकान उभे केले, त्यांना एवढी सवलत देण्यात कोणाचेच नुकसान नाही.