लपवलेली गोष्ट

"मला भावलेली संस्था" या विषयावर स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा ईमेल आला आणि मी दोन आठवडे टाळाटाळ केली. संस्था डोळ्यांसमोर होती. पण तिच्याबद्दल लिहायचं तर घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी लागणार होती. शेवटी पुण्याला धाकट्या भावालाच फोन केला. तो म्हणाला, "ताई, खुशाल लिही. लपवून कुणाचं भलं झालं?"

तर गोष्ट अशी. माझा भाऊ दारू प्यायचा. लग्नकार्यात, पार्टीत घेतात तशी नव्हे, सकाळी उठल्यापासून. आम्हाला क्लीव्हलंडला येऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. भावजयीचा फोन आला की मी बेडरूमचं दार लावून बोलायची. इथे कुणी विचारलं, "भाऊ काय करतो?" की "बिझनेस" म्हणून विषय बदलायची. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पैसे पाठवायची. कधी घराचा हप्ता थकला म्हणून, कधी कुणाची उधारी फेडायची म्हणून. पैसे पाठवले की लांब राहूनही बहिणीचं कर्तव्य केल्याचं समाधान मिळायचं.

2012 साली भावजयीने धीर करून त्याला येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. मी रजा काढून पुण्याला गेले.

मुक्तांगणचं नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पाठबळ दिलं आणि 1986 साली डॉ. अनिता म्हणजेच सुनंदा अवचट यांनी हे केंद्र उभं केलं. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ. 1997 साली त्या गेल्या, 2022 साली अवचटही गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेलं. एवढी माहिती मलाही होती. पण माहिती असणं वेगळं आणि आपलं माणूस तिथे असणं वेगळं.

गेल्या गेल्या पाहिलं ते असं, की माझा भाऊ झाडू मारत होता! घरी कधी जेवलेलं ताट उचललं नाही त्याने. माझा चेहरा पाहून तिथले एक गृहस्थ हसले. "इथं सगळी कामं आम्हीच करतो, ताई. नोकर ठेवले तर आमच्या हातांना काम काय?" त्यांनीच मला चहा आणून दिला. थोड्या वेळाने समजलं की भावाचे समुपदेशक तेच. आणि काही वर्षांपूर्वी तेही तिथे उपचारासाठीच आले होते.

मग त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवायचात ना?" मी जरा अभिमानानेच हो म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मायेनंच पाठवलेत. पण उधारी तुम्ही फेडायचात, म्हणून त्याला दुकानात पुन्हा उधार मिळायचं." मला रडू कोसळलं. त्यांनी पुढे काही उपदेश केला नाही. रडू दिलं.

तिथे व्यसनाकडे आजार म्हणून बघतात, गुन्हा म्हणून नाही. आलेल्या माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. सुरुवातीला मला तो शब्द गोड वाटला, इतकंच. पण एकदा मित्र म्हटलं की ओरडता येत नाही, कीव करता येत नाही आणि त्याने थाप मारली तर ती पाठीशीही घालता येत नाही. मी इतकी वर्षं या तिन्ही गोष्टी करत आले होते. बायकांसाठी तिथे 'सहचरी' गट असतो. त्यात जाऊ लागल्यावर भावजय मला म्हणाली, "ताई, बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विचारलं, तुम्ही कशा आहात?" मी तरी कधी विचारलं होतं? फोनवर माझा प्रश्न ठरलेला, "तो कसा आहे?"

पस्तीस दिवसांनी भाऊ घरी आला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. आठ महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. मी इथून फोनवर तोंडाला येईल ते बोलले. मुक्तांगणमध्ये मात्र कुणी म्हणालं नाही, "आलास ना परत!" म्हणाले, "बरं झालं आलास." दार उघडं होतं म्हणून तो परत जाऊ शकला. 2013 च्या दिवाळीपासून आजवर तो प्यायलेला नाही. आता पाठपुराव्याच्या सभेत तो नव्याने आलेल्यांशी बोलतो.

गंमत बघा. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर अ‍ॅक्रन आहे. तिथेच 1935 साली दारूच्या आहारी गेलेले दोन गृहस्थ, एक शेअरबाजारातला आणि एक सर्जन, एकमेकांना भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं. ज्याने भोगलं तोच दुसऱ्याला हात देऊ शकतो, हेच त्यांचंही सूत्र. इतकी वर्षं त्या रस्त्याने मी सफरचंदं तोडायला जात होते! पुण्याहून परतल्यावर व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल्-अ‍ॅनॉनच्या सभेला जाऊ लागले. तिथे मराठी बोलणारं कुणी नव्हतं, पण प्रत्येकीची गोष्ट माझ्या ओळखीची होती.

मागे एकदा मंडळाच्या संक्रांतीला एका मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. जेवणाच्या रांगेत मागे उभी असलेली एक जण नंतर कोट घालता घालता हळूच म्हणाली, "आमच्याकडे मुलाचं असंच चाललंय. दारू नाही, पण खोलीतून बाहेर येत नाही. कुणाला सांगू?" त्या रात्री आम्ही दोघी पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून तासभर बोललो. पुढे तिने मुलाला डॉक्टरांकडे नेलं. मी काहीच केलं नव्हतं, फक्त आधी माझं सांगितलं होतं.

आपल्या मंडळात गणपतीच्या आरासीसाठी समिती असते, नाटकासाठी असते, जेवणासाठी तर दोन असतात. मन दुखावलेल्या माणसासाठी एखादी खुर्ची आणि एक कप चहा एवढं तरी असावं. इथे मानसिक संकटात 988 हा नंबर 2022 पासून सर्वांसाठी आहे, तो घरात लिहून ठेवा. पण नंबर फिरवण्याआधीही कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. तसं वाटलं तर माझा फोन नंबर मंडळाच्या यादीत आहे. चहा मी करीन.