अर्ध्या गोळीचे दिवस

इसब माझा लहानपणापासूनचा. परकर-पोलक्याच्या वयात तो कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत असायचा. थंडीत तडतडायचा, पावसाळ्यात चिघळायचा. आई कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून त्यात फडकं बुडवून ठेवायची, पण मलमाचं बोट लावू द्यायची नाही. बाहेरून दाबलं की रोग आत जातो आणि मग दमा होतो, हे तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. पुढे दमा झाला तो माझ्या धाकट्या भावाला, आणि त्याच्या अंगाला तर मलम कधी लागलंच नव्हतं. इसब आणि दमा एकाच प्रकृतीतून येतात, एक दाबला म्हणून दुसरा उगवत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा आई राहिली नव्हती. तिला हे सांगता आलं असतं तर तिच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं असतं!

विशीनंतर कातडी आपसूक निवळली. पन्नाशीत सांधेवातानं गाठलं. सकाळी मूठ वळेना, लाटणं धरवेना, साडीच्या निऱ्या घालायला सूनबाईला हाक मारावी लागे. बाकीच्या औषधांच्या जोडीला प्रेडनिसोलोनची लहानशी गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात बोटं माझी मला परत मिळाली. त्या गोळीला नावं ठेवणाऱ्यांत मी कधी बसणार नाही. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी सांधेवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती उठून चालू लागली आणि खरेदीला बाहेर पडली. दोनच वर्षांनी, 1950 साली, हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. मला मात्र त्या बाईचंच फार वाटतं. दुकानात शिरून तिनं आपल्या हातांनी पहिल्यांदा काय उचललं असेल? मी चादर पिळली होती. न्हाणीत उभी राहून, दोन्ही मुठींनी, पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत.

पण गोळी फार वर्षं पोटात जात राहिली की तिची किंमत शरीर मोजत असतं. हाडं विरळ झाली, मोतीबिंदू लवकर पिकला. हातावरची कातडी इतकी पातळ झाली की बांगडी जरा दाबली गेली तरी खाली जांभळा डाग उमटायचा. डॉक्टर म्हणाले, "काकू, आता ही गोळी उतरवू. पण एक मनाशी धरा, घाई करायची नाही."

घाई का नाही, हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा समजून घेतलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. कॉर्टिसोल तिथे तयार होतं, पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. दिवसभरात होणारा हा साठा साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोलाचा असतो. तेवढं किंवा त्याहून अधिक बाहेरून वर्षानुवर्षं मिळत राहिलं की मेंदूकडून मागणी येणं थांबतं आणि ग्रंथी आक्रसतात. डबा लावलेल्या घरात चूल पेटेनाशी होते, तसंच. म्हणून डबा एकदम बंद करायचा नसतो. केला तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस जिवानिशी जाऊ शकतो. गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायची तीही शरीराच्या स्वतःच्या वेळेला धरून.

दहावरून साडेसातवर आणि साडेसातवरून पाचवर मी फारसा त्रास न होता आले. खरी वाट पाचच्या खाली सुरू झाली. एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी, असं करत काही आठवडे थांबायचं, मग पुढचं पाऊल. अर्धी गोळी म्हणजे अडीच मिलिग्रॅम. सासूबाईंच्या अडकित्त्यात ती धरून पाहिली तर भुगा झाला. मग औषधाच्या दुकानातून पात्याची लहानशी डबी आणली. मधल्या खाचेवर पातं नीट आलं की बारीक कट्ट असा आवाज होतो आणि दोन सारखे तुकडे दोन बाजूंना पडतात. पांढरी भुकटी बोटाला लागते, जिभेवर टेकली तर कडू जहर. त्या दिवसांत थकवा असा यायचा की सकाळचे दहा वाजेतो अंग उचलायचं नाही. सांधे कुरकुरायचे. हा सांधेवात की गोळीची उणीव, हे कळायला रक्त तपासावं लागे.

आणि याच दिवसांत इसब परतला. जुन्या जागा त्याला आठवत होत्या, लवणी सोडल्या नाहीत. शिवाय नडग्यांवर आला, पाठीवर आला. इतकी वर्षं गोळीनं सांध्यांबरोबर कातडीचा दाहही धरून ठेवला होता. तो धरणारा हात सैल झाला. त्यात वय. उतारवयात कातडीच्या वरच्या थरातली स्निग्धता कमी होते, आतलं पाणी उडून जातं. इसब असलेल्या पुष्कळ माणसांत मुळातच फिलाग्रिन नावाचं प्रथिन कमी पडतं, त्यामागचा जनुकातला दोष 2006 साली सापडला. म्हणजे आमच्या घराण्यात दृष्ट लागली नव्हती, कुणाचं पाप भोवलं नव्हतं. हे कळल्यानं खाज कमी होत नाही, पण तिचं ओझं कमी होतं.

खाज रात्रीची. दिवसा माणसं असतात, कामं असतात. रात्री एकदा सुरू झाली की नखं आपोआप चालू लागतात, झोपेतही. सकाळी चादरीवर कोंडा आणि रक्ताचे बारीक ठिपके. हे जागे होतात आणि काही न बोलता माझं मनगट धरून ठेवतात. त्यांच्या तळव्याखाली नाडी उडत असते. कधी त्यातच डोळा लागतो, कधी उठून ओला पंचा नडग्यांवर गुंडाळून बसते.

सगळे प्रेमानं सांगतात, "गोळी परत वाढव ना, दोन दिवसांत साफ होईल." झालीही असती. म्हणूनच तो मोह फार कठीण होता. सांध्यांनी फारच मान टाकली तर डॉक्टर गोळी वाढवतीलही, पण कातडीसाठी पुन्हा मागे फिरायचं नाही, कातडीचं कातडीवरच बघायचं, असं आमचं ठरलं. बाहेरून लावायचं मलम स्टिरॉइडचंच, हे ऐकून धाकटी बहीण चक्रावली. पण चट्ट्यापुरतं, मापात आणि ठरावीक दिवस लावलेलं मलम रोज पोटात जाणाऱ्या गोळीची जागा घेत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पेर हे माप मला फार आवडतं, विसरायची सोय नाही. लवणींसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस, ते सुरुवातीला चरचरतं.

भीती वाटते ती दुकानातून कुणीही उचलून आणतं त्या ट्यूबांची. बुरशीचं, जंतूंचं आणि जबर स्टिरॉइडचं औषध एकाच नळीत, आणि लोक ती गजकर्णालाही लावतात, चेहरा उजळावा म्हणूनही. 2018 साली सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी शेजारच्या कॉलेजातल्या मुलीच्या गालावर तांबड्या शिरा दिसतात तेव्हा तिला थांबवून बोलल्यावाचून मला राहवत नाही.

बाकी सगळं हातांचं काम. कोमट पाणी, कढत अजिबात नाही. साबण काखा-जांघांपुरता. अंग टिपायचं, पुसायचं नाही आणि ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं व्हॅसलिन किंवा पॅराफिनचं मलम चोपडायचं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं सोडावं लागलं, त्या वासावाचून पहाट ओकी वाटली. सूनबाई म्हणाली, "आई, उटणं नको तर नको, तुमची पाठ तरी मला द्या." पणतीच्या उजेडात तिनं चट्टे चुकवले नाहीत, त्यांच्यावरूनही तसाच सावकाश हात फिरवला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी अत्तराचा फाया माझ्या हातापाशी आला आणि हातावरचे चट्टे बघून मागे गेला. मी त्या बाईला सगळ्यांदेखत सांगितलं, हे लागट नाही. सांगायलाच हवं होतं, माझ्यासाठी नाही, तिथे बाह्या ओढून बसलेल्या आणखी कुणासाठी.

मध्यंतरी सकाळी आठला, गोळी घेण्याआधी, कॉर्टिसोलसाठी रक्त दिलं. ग्रंथी जाग्या होत आहेत, पण पुरत्या नाहीत. म्हणून सध्या अडीचवरच मुक्काम. फ्रिजवर मुलानं कागद चिकटवलाय: ताप आला तर डोस दुप्पट आणि डॉक्टरांना फोन, उलटीत गोळी पडली तर ताबडतोब इस्पितळ. पर्समध्ये चिठ्ठी आहे, त्यावर औषधाचं नाव आणि किती वर्षं घेतेय ते.

आमच्या भिशीतल्या एक बाई हीच गोळी दम्यासाठी घेतात. परवा फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सोडताय ना, मीही सोमवारपासून बंदच करून टाकते." मी फोन ठेवला आणि रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. पाकीट त्यांच्या हातात दिलं, उद्याची गोळी उद्या घ्यायचीच असं कबूल करून घेतलं. जुन्या चिठ्ठ्या त्यांनी एका पिशवीत भरून ठेवल्या आहेत. सोमवारी आम्ही दोघी मिळून त्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत.