गोरव्यातली वही

बेळगावहून अजमेरच्या गाडीत बसलं की मिरज, पुणे, वसई करत रात्र आणि वर बराचसा दिवस घालवून वडोदरा येतं. मराठी माणूस तिथे जातो तो बहुधा सयाजीरावांच्या ओढीनं आणि लक्ष्मी विलास राजवाडा बघायला. मी गेलो होतो उधारी वसूल करायला. उधारी माझी नव्हती, हीच खरी अडचण होती.

माझ्या मावसबहिणीची मुलगी गोरव्यात राहते. नोकरी सोडून तिनं कपड्यांचा उद्योग काढलाय. गुळेदगुड्डचे खण आणि इरकली कापड मागवायचं, त्याची जाकिटं आणि पिशव्या शिवायच्या, उरल्या चिंध्यांच्या गोधड्या करायच्या. विणकराला योग्य दाम द्यायचा आणि कापडाचा तुकडाही फुकट घालवायचा नाही, हे तिचं धोरण. विणकर मीच गाठून दिला. आमच्या कॉलेजात शिकून गेलेल्या एका मुलाचे ते वडील. ‘सरांची भाची’ एवढ्या भरवशावर त्यांनी चाळीस हजारांचा माल धाडला. चार महिन्यांत निम्मे पैसे पोचले, निम्मे राहिले. त्यांनी तक्रार कधी केली नाही. फोन करायचे, “आराम इदीरेन्री सर?” एवढं विचारायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यानं माझी झोप उडाली.

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या जवळजवळ दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची कमाई महिन्याला पाच हजारांच्या आत निघाली होती. अशा घरातले वीस हजार अडकवून ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

गोरवा हे एके काळचं गाव, आता शहराचाच भाग. एकीकडे बीआयडीसीची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे अलेंबिकचं मोठं जुनं आवार. तिथल्या काही जुन्या वास्तू दुरुस्त करून आता चित्रकार-शिल्पकारांना कामासाठी जागा केली आहे. सकाळी फिरायला निघालो की मी त्या बाजूला रेंगाळायचो. १९०७ साली ही कंपनी उभी करणाऱ्यांत कोटिभास्कर हे मराठी नाव आहे, भाईलाल अमीन आहेत आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर आहेत.

या गज्जरांची गोष्ट मला भाचीच्या उद्योगाइतकीच जवळची वाटू लागली. सुरतेच्या सुतार घराण्यातला हा रसायनशास्त्रज्ञ. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं, तेव्हा त्याची सूत्रं यांच्याकडे दिली. आपले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. सुतारकाम, यंत्रकाम यांच्या जोडीला कलाभवनात रंगाईचं शिक्षण होतं, आणि गज्जरांचा आग्रह देशी भाषेत शिकवण्याचा होता. काळ मोठा वाईट होता. १८६९ पर्यंत मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला होता, १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. आलीच्या मुळांवर आणि निळीवर पोट भरणारे आपले रंगारी रिकामे होऊ लागले. (आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी असलेलं ‘आलवण’ हे याच आलीचं.) परका रंग दारात येऊन उभाच आहे, तर त्याची विद्या आपल्या पोरांनी शिकावी, अशी गज्जरांची धडपड.

आणि आज त्यांच्याच नावाशी जोडलेल्या गोरव्यात माझी भाची हिरडा, डाळिंबाची साल आणि मंजिष्ठा घालून पातेल्यात अस्तराचं कापड उकळते! मी चेष्टा केली, तर म्हणाली, “मामा, इथल्या कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे न्यायला पन्नासहून जास्त किलोमीटरचा कालवा बांधावा लागलाय. माझं पातेलं मी तुळशीला ओतू शकते.” गज्जर चुकले असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे कारागिराच्या पोटाचा प्रश्न होता. तो प्रश्न तुळशीच्या कुंडीनं सुटत नाही.

तिसऱ्या दिवशी मी विषय काढला. तिनं काही न बोलता वही पुढे केली. एक जाकीट मुंबईच्या दुकानात २४०० रुपयांना विकलं जातं. दुकानदार चाळीस टक्के ठेवतो, म्हणजे ९६० गेले. उरले १४४०. त्यातून कापड ५२०, शिवणाऱ्या बाईंची मजुरी ३५०, अस्तर-बटणं १६०, पाठवणी ७०. हातात राहतात ३४०. खोलीचं भाडं, वीज, परत आलेला माल, सगळं त्यातच. आणि दुकानदार पैसे देतो विक्रीनंतर तीन महिन्यांनी. शिवणाऱ्या बायका दर शनिवारी समोर उभ्या असतात, म्हणून त्यांचे पैसे थांबत नाहीत. विणकर हजार किलोमीटरवर, शिवाय मामांच्या ओळखीचा. थांबला तो.

म्हणजे मुंबईच्या काचेच्या दुकानाला बिनव्याजी भांडवल पुरवत होता गुळेदगुड्डचा एक माणूस, आणि जामीन होतो मी. वर जाकिटाला चिठ्ठी लावलेली, ‘विणकराच्या हिताचं’.

कायदा नाही असं नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, असं २००६ च्या कायद्यातच आहे. भाचीची उद्यम नोंदणीही आहे. “मग कर की तक्रार,” मी म्हटलं. “केली तर पैसे येतील मामा, पण पुढची ऑर्डर येणार नाही.” निपाणी-अथणीकडच्या आपल्या चप्पल करणाऱ्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! कोल्हापुरीला २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर तशाच चपला झळकल्यावर मोठा गलकाही झाला. नावाचा हक्क सांगायला आपण सगळे धावतो. बिल कधी चुकतं झालं, हे कुणी विचारत नाही.

मी पैसे देऊ केले. तिनं साफ नाही म्हटलं. “तुम्ही दिलेत, तर माझा धंदा चालतो की नाही, हे मला कधी कळणारच नाही.” त्या दिवशी ती मला सूरसागरजवळच्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात घेऊन गेली. १९१४ पासूनची संस्था. राजघराण्याची पाठराखण असलेल्या जागेची भाचीच्या भाड्याच्या खोलीशी तुलना करण्यात अर्थ नव्हता, तेव्हा मी नातवंडांच्या वयाच्या शेजारपोरांसाठी खाऊ शोधत बसलो. परतताना रिक्षात ती एकदम म्हणाली, “दुकानातला माल परत मागवते.”

मागवला. अठरा जाकिटं परत आली. ओळखीच्या घरांतून, सोसायटीच्या हॉलमधून ती सतराशेला एक अशी थेट विकायला बसली. मी असेपर्यंत सात गेली. मग तिनं माझ्यासमोर फोन लावला. ती गुजराती वळणाच्या मराठीत, ते कानडी वळणाच्या मराठीत. दहा हजार आत्ता, दहा दिवाळीआधी, आणि यापुढे ताणा लावायच्या आधी निम्मी रक्कम, उरलेली माल पोचल्याच्या आठवड्यात. मागणी मात्र निम्म्यावर येईल, हेही तिनं सांगून टाकलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग “आयतु”. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे चालशे,” मी म्हटलं.

मागणी निम्मी झाली, म्हणजे त्यांचं दुसरं माग काही दिवस बंद राहणार. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

परतीच्या गाडीत मिरज जवळ आलं असताना त्यांचा फोन आला. “आराम इदीरेन्री सर?” मी नेहमीसारखा पुढच्या शांततेची वाट पाहत राहिलो. पण ते बोलत राहिले. दहा हजार पोचले होते. भाचीला विचारून सांगा म्हणाले, पुढचा ताणा डाळिंबी लावू की हिरवा.