मोताळ्याचा थांबा

बुलढाणा हे डोंगरमाथ्यावरचे गाव. तेथून मलकापूरकडे निघाले की राजूर घाट लागतो. घाट उतरला की काळ्या मातीचे रान सुरू होते आणि साधारण निम्म्या वाटेवर मोताळा येतो. गाव तालुक्याचे खरे. पण जाणाऱ्याला मलकापूरची आगगाडी गाठायची घाई असते. मुद्दाम उतरणारा पाहुणा विरळाच. आम्हीही उतरलो नसतो. आम्हाला उतरवले ते आमच्या गाडीने.

2009 सालची दिवाळी. सौभाग्यवतींची भाऊबीज मलकापूरला व्हायची होती. आमची जुनी मारुती 800, मागे बारा वर्षांचा नातू आणि फराळाचे डबे. घाटातच पुढचे डावे चाक खड्ड्याखड्ड्याला खटखट बोलू लागले. खाली रस्ता सरळ, पण लाटांसारखा. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या डांबरालाही आपल्याबरोबर उठबस करायला लावते.

मोताळ्यात गाडी थांबवून मी पुढचा कोपरा जोराने दाबून सोडला. शॉकअप शाबूत असेल तर गाडी वर येऊन लगेच स्थिर होते. आमची डुलतच राहिली. नळीवरून तेल ओघळले होते. निदान तर झाले!

सुट्या भागांच्या दुकानात नवा शॉकअप मिळाला. दुकानदार म्हणाला, "काका, समोर मिस्त्री हाये. त्याले सांगा."

"बसवायला काय लागते!" मी म्हणालो. सौभाग्यवतींनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि काही बोलल्या नाहीत. तीस वर्षांच्या संसारात हे न बोलणे मला चांगले कळते. पण त्या दिवशी मी ते ऐकले नाही.

वाचकहो, यामागे इतिहास आहे. माझे वडील आपल्या अ‍ॅम्बॅसेडरचे मागचे पाटे स्वतः सोडवीत, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा चढवीत. मी पाने हातात देत असे. त्यांची पेटी आजही माझ्या डिकीत असते. नातवाने आजोबाला मिस्त्रीपुढे हात जोडताना पाहावे, हे मला सोसवेना.

जॅक लावला, चाक काढले, खालचे दोन बोल्ट सोडवले, वरचे नट काढले आणि शॉकअप त्यावरच्या गुंडाळी स्प्रिंगसकट बाहेर आला. तो जमिनीवर आडवा ठेवून मी नातवाला म्हणालो, "घट्ट धर." आणि टोकाच्या मधल्या नटाला पाना लावला.

"काका, थांबा! तो नट खोलू नका!" रस्त्यापलीकडून मिस्त्री ओरडत धावत आला. "स्प्रिंग दबेल हाये. आधी पोराले बाजूले करा!"

मग त्याने शांतपणे समजावले. गाडी उचलली की पाट्यांतला ताण बराचसा सैल होतो. ही स्प्रिंग मात्र गाडीतून काढली तरी दबलेलीच राहते. तिला अडवून धरणारा तो एकच नट. तो सुटला की लोखंड बंदुकीच्या गोळीसारखे उडते. समोर माझ्या नातवाचा चेहरा होता.

माझ्या हातातला पाना थरथरू लागला. वडिलांची विद्या खोटी नव्हती. ती दुसऱ्या गाडीची होती.

मिस्त्रीने दोन बाजूंना शिकंजे लावून स्प्रिंग थोडी थोडी आवळली. ती वरच्या वाटीतून मोकळी फिरू लागली, तेव्हाच नटाला हात घातला. उजवा शॉकअपही बदलायला लावला; पुढचे दोन्ही एका दमाचे हवेत, म्हणाला. चाकांची अलाइनमेंट मात्र मोठ्या गावी करून घ्या, असेही बजावले. "तोवर नळगंगेचे धरण पाहून या," असे त्याने सुचवले. पण माझा पाय तेथून निघेना. आठवे इयत्तेतल्या मुलासारखा मी उकिडवा बसून पाहत राहिलो.

"आजोबा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?" नातवाने विचारले.

"नव्हतं रे," मी म्हणालो. वाटले होते तितके ते जड गेले नाही.

काम संपत आले तेव्हा मिस्त्रीने वडिलांच्या पेटीतला पाना उचलून माझ्यापुढे धरला. "चाकाचे नट तुम्ही आवळा, काका. एक इकडचा, एक समोरचा." मी दोन आवळले आणि उरलेले नातवाकडून आवळून घेतले.

मलकापूरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पाट मांडून मेहुणे वाट पाहत होते. उशीर का झाला, ते सौभाग्यवतींनीच सांगितले. मधल्या नटाची गोष्ट मात्र त्यांनी माझ्यासाठी ठेवली.