आमच्या भाच्याची मतें

मनुष्याचें वय कोणी केसांवरून ओळखतात, कोणी दांतांवरून. आमच्या मतें (हा शब्दप्रयोग केवळ संवयीचा आहे, वाचकांनीं त्यावर विसंबूं नये) तो मत किती त्वरेनें देतो ह्यावरून तें ओळखावें. विशीच्या अलीकडील माणसाचें उत्तर प्रश्न पुरा होण्यापूर्वींच तयार असतें. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक प्रथम चष्मा पुसतो, नंतर "ह्या प्रश्नास दोन बाजू आहेत" असें म्हणतो, आणि दोन्ही बाजू सांगून होईतों तासाची घंटा वाजते. गेलीं तीस वर्षें ह्या घंटेनें आमची अब्रू राखली आहे.

आमची धाकटी बहीण लग्न होऊन कॅनडांत टोरोंटो शहरीं गेली, त्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं. तिचा एकुलता एक मुलगा, वय वर्षें एकोणीस, २०२५ च्या डिसेंबरांत तीन आठवडे आमच्याकडे शिवाजी पार्कला राहावयास आला. जन्मानें आणि शिक्षणानें तो पुरा कॅनडाचा. मराठी बोलतो; पण ती त्याच्या आईनें पंचवीस वर्षांपूर्वीं ट्रंकेंत घालून नेलेली मराठी आहे, आणि तिला अद्याप डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. ह्या मराठींत तो दिवसाकाठीं पंचवीस-तीस मतें आम्हांस ऐकवूं लागला. सकाळचें वर्तमानपत्र, दुपारचा सामना, रात्रींचें नाटक, कशावरही त्याचें मत नाहीं असें कधीं झालें नाहीं. पहिले दोन दिवस आम्हांस गंमत वाटली, तिसऱ्या दिवशीं थकवा आला, आणि चवथ्या दिवशीं, खरें सांगावयाचें तर, थोडासा हेवा वाटूं लागला.

टोरोंटोच्या आणि आमच्या घड्याळांत हिवाळ्यांत साडेदहा तासांचें अंतर पडतें. त्यामुळें मुलगा पहांटे चारपासून टक्क जागा असे. त्याला घेऊन आम्ही उजाडतां उजाडतां मैदानावर जाऊं लागलों.

ज्यांनीं शिवाजी पार्क पाहिलेलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९२५ सालीं मुंबईच्या नगरपालिकेनें हें मैदान लोकांसाठीं खुलें केलें, तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. दोन वर्षांनीं, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशतवार्षिक उत्सवाच्या निमित्तानें, नगरपालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले ह्यांच्या आग्रहामुळें तें शिवाजी पार्क झालें. मोठीं मतें मैदानाच्या मध्यभागीं मांडलीं जातात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासून आजवर किती सभा तेथें गर्जल्या ह्याची गणती नाहीं. लहान मतांची सोय कडेला आहे. मैदानाभोंवतीं जी ठेंगणी भिंत फिरते तिला कट्टा म्हणतात. तिची एक फेरी पाऊण मैलाच्या आसपास भरते, आणि त्या पाऊण मैलांत ज्यावर कोणी मत दिलेलें नाहीं असा विषय जगांत उरलेला नसावा. २०१० सालीं उच्च न्यायालयानें हा परिसर शांतता-क्षेत्र ठरविला. परंतु तो निर्णय ध्वनिक्षेपकांपुरता होता, कट्ट्यावरील पेन्शनरांस तो लागू पडला नाहीं.

अशाच चार पेन्शनरांशेजारीं आम्ही रोज बसतों. आमचें काम बहुधा मान हलविण्याचें. भाचा मात्र पहिल्याच दिवशीं त्यांच्यांत मिसळला. समोर जाळ्यांमध्यें मुलांचा क्रिकेटचा सराव चालला होता. दहा मिनिटें पाहून त्यानें निकाल दिला, "हीं मुलं फार घाबरून खेळतात. जोरांत कुणी मारतच नाहीं."

चौघांपैकीं एक गृहस्थ तरुणपणीं कांगा लीगचे सामने खेळलेले, म्हणजे भर पावसाळ्यांत, ओल्या खेळपट्टीवर विकेट राखलेले. त्यांनीं काठी टेंकली आणि म्हटलें, "बाळ, इकडे बैस. जोरांत मारायला काय लागतं? बाद न होणं ही विद्या आहे." मग त्यांनीं रमाकांत आचरेकरांची गोष्ट सांगितली. सचिन तेंडुलकर येथें शिकत असतां आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचें तें नाणें. कोणासही साधलें नाहीं तर तें सचिनचें. अशीं तेरा नाणीं तेंडुलकरांनीं आजवर जपून ठेविलीं आहेत. गोष्ट संपल्यावर त्यांनीं मुलाला २०२४ च्या डिसेंबरांत मैदानाच्या दाराशीं उभारलेलें आचरेकरांचें स्मारक दाखविलें. "अशा फलंदाजाला आमच्याकडे खडूस म्हणतात."

"खडूस म्हणजे चांगलं कीं वाईट?"

"घरांत वाईट. इथं चांगलं."

दुसऱ्या दिवशीं भाचा आपण होऊन त्या गृहस्थांपाशीं गेला आणि म्हणाला, "काका, काल मी चुकलों. तीं घाबरत नाहींत. तीं थांबतात." कट्टा क्षणभर स्तब्ध झाला. वीस वर्षें आम्ही तेथें बसत आहों, पण 'मी चुकलों' हें वाक्य त्या दगडांवर आम्हीं प्रथमच ऐकिलें.

हा व्यवहार एकतर्फी मात्र नव्हता. दोन देशांमधला पहिला क्रिकेटचा सामना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा, अशी चौघांची खात्री होती. भाच्यानें सांगितलें कीं तो १८४४ सालीं न्यूयॉर्कमध्यें अमेरिका आणि कॅनडा ह्यांच्यांत झाला आणि कॅनडानें २३ धावांनीं जिंकला. कोणीतरी मोबाईलवर पाहिलें, खरें निघालें. त्या दिवसापासून 'कॅनडाचें काय मत?' असें विचारल्याखेरीज चहाचा पेला हातीं घेतला जाईना.

त्याचा स्वतःचा जीव बर्फावरच्या हॉकींत. टोरोंटोचा 'मेपल लीफ्स' हा संघ त्याचें दैवत; आणि ह्या दैवतानें १९६७ नंतर २०२५ पर्यंत एकदांही अजिंक्यपदाचा स्टॅन्ले करंडक आणलेला नाहीं, म्हणजे मुलाच्या आईच्या जन्मापूर्वींपासूनची ही उपासमार! ज्या मुंबईनें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षें रणजी करंडक घरीं ठेवला, आणि २०२४ पर्यंत तो ४२ वेळां जिंकला, त्या मुंबईच्या पेन्शनरांस हें कोडें उलगडेना. एकानें विचारलें, "मग दुसरा संघ कां धरत नाहींस?" मुलगा म्हणाला, "हरतात म्हणून सोडायचं?" ह्यावर कोणी मत दिलें नाहीं.

बातम्यांच्या बाबतींत त्याची स्थिति आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटली. बातम्यांबद्दल मोठ्या कंपन्यांनीं वृत्तपत्रांस पैसे द्यावे असा कायदा कॅनडानें २०२३ सालीं केला. त्यावर फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीनें त्याच वर्षींच्या ऑगस्टपासून त्या देशांत बातम्या दाखविणेंच बंद केलें. परिणाम असा कीं, मुलाची पिढी जेथें रात्रंदिवस वावरते तेथें बातमी दिसत नाहीं; बातमीवर मित्रांनीं दिलेलीं मतें तेवढीं दिसतात. पाऊस न पाहतां लोकांच्या छत्र्यांवरून त्याचा अंदाज बांधावा, तसें हें आहे. "मग खरं काय झालं तें कसं कळतं?" असें आम्हीं विचारलें. "शोधावं लागतं," तो म्हणाला. आमचें मराठी वर्तमानपत्र मात्र तो अक्षर अक्षर लावून रोज तासभर वाची, आणि अग्रलेखापेक्षां छोट्या बातम्यांवर अधिक बोले.

एकदां मात्र तो हलक्या आवाजांत बोलला. २०२५ च्या आरंभीं कॅनडा हें आमचें ५१ वें राज्य व्हावें, असें अमेरिकेचे अध्यक्ष वारंवार म्हणूं लागले. त्याच फेब्रुवारीच्या २० तारखेस बॉस्टनमध्यें चार राष्ट्रांच्या हॉकी-स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि कॅनडानें अमेरिकेला जादा वेळांत ३-२ असें हरविलें. "मी रडलों," भाचा म्हणाला. "खेळ होता. पण नुसता खेळ नव्हता." चौघांमधले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांनीं मुंबई कोणाची हा वाद लहानपणीं ह्याच मैदानावर बापाच्या खांद्यावर बसून ऐकिला होता, ते कांहीं न बोलतां त्याच्या पाठीवरून हात फिरवूं लागले. हें मत त्यांस समजावून सांगावें लागलें नाहीं.

नाटकाच्या बाबतींत त्याचें अज्ञान पुरें होतें, आणि मत त्याहून पुरें. शिवाजी मंदिरांत आम्हीं त्याला एक विनोदी नाटक दाखविलें. निम्मे विनोद त्याच्या डोक्यावरून गेले. बाहेर पडतांना तो म्हणाला, "सगळे प्रेक्षकांशीं बोलत होते. एकमेकांशीं कुणीच बोललं नाहीं." आम्ही हंसलों. घरीं पोंचेपर्यंत आमच्या ध्यानीं आलें कीं, गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेल्या नाटकांविषयीं आम्हांस जें सांगतां येत नव्हतें तें हेंच.

आतां मुख्य गोष्टीकडे वळावयास हरकत नाहीं. त्याच्या मराठीसाठीं आमच्या बहिणीनें फोनवरून आज्ञा केली होती कीं, रोज मामाचा एक लेख मोठ्यानें वाचावयाचा. एके दुपारीं तो ह्याच मासिकांतला आमचा एक जुना लेख वाचीत होता. 'आम्हांस असें वाटतें', 'आम्ही असें म्हणूं इच्छितों', अशीं वाक्यें ओलांडीत तो थांबला आणि निरागसपणें विचारता झाला, "मामा, हें लिहितांना तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

स्वयंपाकघरांतून आमच्या पत्नीच्या हंसण्याचा आवाज आला. आम्हीं गंभीरपणें त्याला ह्या 'आम्ही'ची परंपरा समजावून दिली. निबंधकारानें जगाकडे किंचित् दुरून पाहावें असें सांगितलें. १७११ सालीं लंडनमध्यें निघालेल्या 'स्पेक्टेटर' पत्राच्या अबोल निवेदकाचा दाखला दिला. त्यानें सर्व लक्षपूर्वक ऐकिलें. मग म्हणाला, "म्हणजे, चूक झाली तर कुणाची तें कळत नाहीं."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. त्याचीं मतें उथळ असत, क्वचित् हास्यास्पद असत. पण तीं त्याचीं असत, आणि म्हणूनच कोणी खोडलीं तर त्याला तीं बदलतांही येत. आमचीं मतें कोणीं खोडलींच नव्हतीं. समतोलपणा म्हणून आम्हीं जो जन्मभर मिरविला तो कितीसा विवेक होता, आणि कितीशी भीति?

त्याची परीक्षा लवकरच झाली. आमची इमारत तीन मजल्यांची, १९४० च्या सुमाराची; गोल सज्जे, जुनी नक्षीदार फरशी, लिफ्ट नाहीं. ती पाडून तेथें मनोरा उठवावा कीं नाहीं ह्यावर सोसायटीच्या तीन सभा झाल्या होत्या. तिन्ही सभांत आम्हीं दोन्ही बाजू मांडल्या होत्या, आणि दोन्ही पक्षांनीं आमचे आभार मानले होते. चवथी सभा भाचा परत जाण्याच्या आधींच्या रविवारीं होती. शनिवारीं रात्रीं जेवतांना त्यानें विचारलें, "मामा, तुम्हांला काय वाटतं? पाडावी कीं नाहीं?"

"ह्या प्रश्नास दोन बाजू आहेत," असें म्हणून आम्हीं त्या सांगितल्या. तो शांतपणें ऐकत राहिला, पाणी प्याला, आणि पुन्हां म्हणाला, "हो. पण तुम्हांला काय वाटतं?"

घंटा वाजली नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. ज्या खोलींत तो निजला होता तिच्या दाराच्या चौकटीवर त्याच्या आईची उंची दर वाढदिवसास पेन्सिलीनें टिपलेली आहे. ह्या घराची वीट हलूं नये असें मन म्हणे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांपायीं दिवाळीपासून खालीं उतरलेल्या नाहींत. हांकेच्या अंतरावरचें मैदान त्या खिडकींतून पाहतात. जिन्याखालच्या तुळईचें लोखंड गंजून बाहेर आलें आहे. सकाळपर्यंत मत झालें. आणि तें आमच्या इच्छेविरुद्ध झालें, म्हणून तें आमचें आहे अशी खात्री पटली.

सभेंत उठलों तेव्हां तोंडून निघालें तें असें: "मला वाटतं, पाडावी. मला ती पाडलेली बघवणार नाहीं, पण पाडावी." एवढें बोलून खालीं बसलों. ह्या वेळीं कोणीं आभार मानले नाहींत. ज्या शेजाऱ्यांशीं तीस वर्षें वर्तमानपत्रांची देवघेव होती त्यांच्याकडून चार दिवस पेपर आला नाहीं. मताला किंमत असते म्हणतात ती अशी पेपरांत मोजावयाची असते, हें तेव्हां कळलें.

भाचा टोरोंटोस पोंचला आणि तिसऱ्या दिवशीं त्याचा फोन आला. "मामा, मला वाटतं तुमचं चुकलं. आई दोन दिवस रडते आहे. लिफ्ट बाहेरून बसवतां येते, मी वाचलं आहे. लोखंडही दुरुस्त होतं." आम्ही संवयीनें चष्मा काढला. तोंच तो म्हणाला, "पण तुम्ही सांगितलंत हें बरं झालं. आतां भांडतां तरी येईल."

तेव्हांपासून दर रविवारीं आम्ही फोनवर तासभर भांडतों. बाहेरून लिफ्ट बसविण्याबद्दल एका इंजिनियरला विचारून ठेवलें आहे. तो पुढल्या आठवड्यांत इमारत पाहावयास येणार आहे. कदाचित् मुलाचें बरोबर ठरेल. तसें झाल्यास पुढील सभेंत आम्हांस पुन्हां उठावें लागेल, आणि तें वाक्य उच्चारावें लागेल जें कट्ट्यावर आम्हीं एकदांच ऐकिलें. पण चूक कोणाची, हें ह्या खेपेस साऱ्या इमारतीला ठाऊक आहे.